कुरणातलं चॅपल

चावी मिसेस थॅकरेंकडे मिळेल,
बस ड्रायव्हर म्हणाला होता.
चावी दाराला लटकत होती,
आणि मिसेस थॅकरे आत, गुडघ्यांवर,
वटवाघळांच्या लेंड्या सुपलीत भरत होत्या.
"बूट काढू नका," मागे न बघता म्हणाल्या,
"फरशीला अजून जानेवारीच आहे."

बुटांसकट आत गेले, जरा अवघडत.
बाकं सहा. वेदीवर डॅफोडिल्स,
बरणीवर अजून लोणच्याचं लेबल.
एखाद्या गोठ्याएवढं, असं मनात आलं,
ते बोलले नाही. त्याच म्हणाल्या,
मधे साठेक वर्षं इथे मेंढ्या विणायच्या,
पाळक येणं बंद झाल्यावर.

गाव?
"ते कुरणाखाली."
ऊन कललं की गवतात गल्ली दिसते म्हणे,
एक वळण, दोन-तीन चौथरे.
आत्ता दुपारचा एक वाजला होता
आणि ऊन असं नव्हतंच.

भिंतीलगत दगडी सरदार उताणा.
नाक गेलेलं, तलवार मुठीपुरती उरलेली.
पायाशी त्याचा कुत्रा मात्र शाबूत,
डोकं गुळगुळीत. येणारा प्रत्येक जण
सरदाराला सोडून त्यालाच कुरवाळतो.
मिसेस थॅकरेंनी थर्मास सरदाराच्या छातीवर ठेवला,
दोन कप ओतले.
"याची तक्रार नसते."

लढाई पलीकडच्या चढावर झाली.
मार्चचा चिखल, सकाळपासून अंधार पडेपर्यंत.
ओढा तीन दिवस तांबडा वाहत होता असं सांगतात.
"सगळ्याच ओढ्यांबद्दल सांगतात तसं,"
त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.
त्यांचे क्लिफर्ड तो चढ चाळीस वर्षं नांगरत.
नाल, बकल, कधी बाणाचं टोक,
आणि दात.
दात वर आले की ट्रॅक्टर थांबवायचा,
खाली उतरायचं, टोपी काढायची,
दात बांधाकडे पुरायचे, टोपी घालायची, पुन्हा सुरू.
दिवसातून चारदा, पाचदा.
"शेवटी त्यांनी टोपीच सोडली.
सर्दीनं गेले शेवटी. म्हणजे सुरुवात सर्दीनं झाली."

मी सरदाराकडे बघत राहिले.
माझ्या भाषेतही एका हरलेल्या लढाईची खबर
नाण्यांच्या हिशेबात आली होती:
मोती किती, मोहरा किती,
आणि खुर्दा, ज्याची गणती नाही.
शाळेत ते वाक्य पाठ होतं मला.
मोती कोण, मोहरा कोण, हे बाई नावानिशी सांगायच्या.
खुर्द्यापाशी तास संपायचा.

भेटवहीत तीन रकाने. नाव, गाव, शेरा.
हॅलिफॅक्सच्या कुणा मर्टलला शांत वाटलं.
एकाच्या कुत्र्याला आवडलं.
लहान अक्षरात, पेन्सिलनं: इथे संडास नाही.
मी नाव लिहिलं, आपल्या लिपीत.
मिसेस थॅकरेंनी चष्मा सरकवला.
"दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं," म्हणाल्या,
"आणि वारा खालून."
गावाच्या रकान्यात काय लिहावं कळेना.
लीड्स लिहिलं, मग खोडलं,
मग खोडलेलंच पुन्हा लिहिलं.
शेरा राहिलाच.

छपरासाठी दाराशी पत्र्याची पेटी होती.
नोट नव्हती. पाकीट उपडं केलं,
तांब्याची, पितळी, बसमधून उरलेली सगळी चिल्लर.
पेटी रिकामी असावी.
एकेक नाणं तळाला लागेपर्यंत
एवढ्याशा त्या खोलीत इतका आवाज झाला
की वटवाघळं हलली.
मिसेस थॅकरेंनी वर पाहिलं,
मग सुपलीत. पुन्हा झाडायला घेतलं.

फाटक लावून घ्या, त्यांनी आतून ओरडून सांगितलं,
मेंढ्या आत येतात.
लावलं. दोनदा हलवून पाहिलं.
साडेतीनच्या बसला वेळ होता.
ओढ्यात बूट धुतले.
पाणी थोडा वेळ गढुळलं, तांबूस,
म्हणायचंच असेल तर.